साका मोजायचा की माणूस?

१९०१च्या नोव्हेंबरात फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात एक्कावन्न वर्षांची एक बाई दाखल झाली. दुसऱ्या दिवशी सदतिशीतला एक डॉक्टर कागद घेऊन तिच्यापाशी बसला. नाव काय? ‘ऑगस्टे.’ आडनाव? ‘ऑगस्टे.’ नवऱ्याचं नाव? ‘ऑगस्टे, बहुतेक.’ दुपारी ती जेवत होती, पुढ्यात फ्लॉवर आणि डुकराचं मांस होतं. काय खाताय, असं विचारल्यावर म्हणाली, ‘पालक.’ नाव लिहायला सांगितलं तर ‘श्रीमती’ एवढं लिहून थांबली, पुढचे शब्द पुन्हा पुन्हा सांगावे लागले. मी स्वतःला हरवून बसले आहे, असंही ती म्हणाली. डॉक्टरनं प्रश्न आणि उत्तरं जशीच्या तशी उतरवून घेतली.

१९०६च्या एप्रिलमध्ये ती वारली. डॉक्टर आलोइस अल्झायमर तोवर म्युनिकला गेला होता. त्यानं तिचा मेंदू तिथे मागवून घेतला, पातळ काप काढले, चांदीच्या क्षारांनी रंगवले आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरले. पेशींच्या बाहेर डागांसारखे पुंजके होते आणि पेशींच्या आत काळ्या तंतूंचे गुंते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ट्युबिंगेनच्या सभेत त्यानं हे मांडलं.

म्हणजे या आजाराची सुरुवातच दोन दप्तरांनी झाली. एकात बाईची उत्तरं, दुसऱ्यात काचपट्ट्यांवरचे काप. गेल्या चाळीस वर्षांत वैद्यकानं दुसरं दप्तर उघडं ठेवलं आणि पहिलं हळूहळू फडताळात सारलं. आता तर मेंदूत ठरावीक प्रथिन सापडलं की माणूस ठणठणीत असला तरी त्याला अल्झायमर झालाच आहे, असं म्हणण्यापर्यंत काही तज्ज्ञ आले आहेत. मला हे चुकीचं वाटतं. या रोगांत प्रथिनांचा दोष नाही, असं मी म्हणत नाही. दोष आहे, आणि तो बराच आहे. पण साका म्हणजेच आजार असं एकदा धरलं की औषध पारखण्याची, पैसा कुठे घालायचा ते ठरवण्याची आणि रोगी कोण ते सांगण्याची अशा तिन्ही मोजपट्ट्या वाकड्या होतात.

आधी साका म्हणजे काय ते थोडक्यात. प्रथिन पेशीत तयार होतं ते एका लांबलचक माळेसारखं. ती माळ स्वतःभोवती विशिष्ट रीतीनं घडी घालते आणि त्या घडीवरच तिचं काम ठरतं. घडी बिघडली की जे भाग आत दडलेले असायचे ते उघडे पडतात आणि एकमेकांना चिकटू लागतात. असा चिकटून साचलेला माल म्हणजे साका. पेशीत याची तजवीज असते. काही प्रथिनं दुसऱ्यांची घडी नीट बसवून देतात, आणि बिघडलेला माल तोडून-पचवून टाकणारी यंत्रणाही असते. वय वाढतं तशी ही साफसफाई मंदावते. कातडीची पेशी मरते, तिच्या जागी नवी येते. मेंदूतल्या चेतापेशींना मात्र बहुतांशी जन्मभर तीच पेशी म्हणून जगायचं असतं. त्यात स्नायूंना हुकूम देणाऱ्या काही पेशींचा तंतू कण्यापासून पायापर्यंत जातो, जवळजवळ मीटरभर. एवढ्या लांब दोरीच्या दुसऱ्या टोकाशी काय साचतंय ते सांभाळणं सोपं नाही.

कुठल्या आजारात काय साचतं तेही ठरलेलं. अल्झायमरमध्ये पेशीबाहेर बीटा-अमिलॉइड आणि पेशीत टाऊ. कंपवातात, म्हणजे पार्किन्सन्समध्ये, अल्फा-सिन्युक्लिन. त्याचे गोळे फ्रिट्झ लेवीनं १९१२मध्ये पाहिले आणि ते नेमके कशाचे हे १९९७मध्ये कळलं. हंटिंग्टन या आनुवंशिक मेंदूविकारात हंटिंग्टिन. आणि मोटर न्यूरॉनच्या आजारात, एएलएसमध्ये, बहुतेकदा टीडीपी-४३. हे शेवटचं नाव लक्षात ठेवा.

प्रथिनाच्या विरुद्ध पुरावा भक्कम आहे. अमिलॉइड ज्यापासून तुटून निघतं त्या प्रथिनाचा जनुक एकविसाव्या गुणसूत्रावर असतो. डाउन सिंड्रोममध्ये हे गुणसूत्र एक जादा असतं आणि चाळिशीपर्यंत जवळपास सगळ्यांच्या मेंदूत पुंजके दिसू लागतात. याच जनुकातल्या काही बिघाडांमुळे ऐन तारुण्य ओसरताना स्मृती जाते. उलट २०१२मध्ये आइसलँडमधून कळलं की त्याच जनुकातला एक दुर्मीळ फरक अमिलॉइड कमी तयार करतो आणि तो असलेल्यांना अल्झायमरपासून संरक्षण मिळतं. त्याच जनुकात उलट फरक पडला की उलट परिणाम, याहून चांगली साक्ष निसर्ग देत नाही. तेव्हा अमिलॉइड निर्दोष आहे, सगळं खोट्या संशोधनावर उभं आहे, असं सांगत फिरणाऱ्यांशी माझं जमत नाही. ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकातला २००६चा एक गाजलेला शोधनिबंध प्रतिमांमध्ये फेरफार झाल्यामुळे २०२४मध्ये मागे घेतला गेला, हे खरं आणि लाजिरवाणंही. पण वरचा जनुकीय पुरावा त्या निबंधावर टेकलेला नव्हता.

गोम पुढे आहे. आग काडीनं लागते, पण घर पेटल्यावर काडी उचलून नेली म्हणून आग विझत नाही. अमिलॉइडविरुद्धच्या पहिल्या लशीची चाचणी २००२मध्ये थांबवावी लागली, कारण लस घेतलेल्यांपैकी सुमारे ६ टक्के लोकांना मेंदूची सूज आली. त्या चाचणीतल्या काही जणांचे मेंदू मृत्यूनंतर तपासता आले आणि २००८मध्ये त्याचा अहवाल आला. काहींच्या मेंदूतले पुंजके जवळजवळ साफ झाले होते. तरीही ही माणसं शेवटच्या टप्प्याच्या स्मृतिभ्रंशातूनच गेली. नंतर अमिलॉइड तयारच होऊ नये म्हणून ते मूळ प्रथिनातून कापून काढणारी कात्री अडवणारी औषधं आली. अमिलॉइड खाली आलं, हे मोजून दिसलं. आणि त्यातल्या एका औषधाच्या चाचणीत, ज्यांची स्मृती नुकती ढळू लागली होती त्यांची स्थिती औषध न घेणाऱ्यांपेक्षा खालावली. साका कमी, माणूस वाईट.

उलट बाजूचीही माणसं आहेत. अमेरिकेतल्या ६७८ नन्सनी आपल्या चाचण्या आणि मृत्यूनंतर आपले मेंदू संशोधनाला दिले. त्यांतली एक १०१ वर्षं जगली, अखेरपर्यंत तिचे गुण चांगले होते आणि मेंदूत मात्र पुंजके आणि गुंते भरपूर निघाले. कोलंबियातल्या एका मोठ्या कुटुंबात चाळिशीत स्मृती जायला लावणारा जनुकीय बिघाड पिढ्यान्‌पिढ्या आहे. त्या कुटुंबातली एक बाई सत्तरी गाठेपर्यंत शाबूत राहिली. २०१९मध्ये तिच्या मेंदूच्या तपासणीचा वृत्तान्त आला. अमिलॉइड प्रचंड होतं, टाऊ मात्र कमी, आणि तिच्यात आणखी एक दुर्मीळ जनुकीय फरक दुहेरी निघाला. तिच्या बाबतीत काडी आणि आग यांच्यामध्ये काहीतरी उभं राहिलं. मला तर वाटतं, हजार पुंजके मोजण्यापेक्षा ते ‘काहीतरी’ शोधण्यात जास्त शहाणपण आहे.

आणि एक प्रयोग, जो मला या सगळ्या चर्चेत सर्वांत बोलका वाटतो. हंटिंग्टनच्या रोगट प्रथिनाचे पेशीत मोठे गोळे होतात. गोळा दिसतो आणि पेशी मरते, म्हणून गोळा पेशीला मारतो, हा तर्क सरळ होता. २००४मध्ये काही संशोधकांनी आपोआप हलणारा सूक्ष्मदर्शक बनवला आणि बशीतल्या त्याच त्या चेतापेशीकडे पुन्हा पुन्हा, दिवसामागून दिवस पाहिलं. कुठल्या पेशीत गोळा केव्हा झाला आणि ती पेशी केव्हा मेली, याची नोंद ठेवली. गोळा झालेल्या पेशी जास्त दिवस टिकल्या. सुटं फिरणारं प्रथिन घातक होतं. पेशीनं ते गोळा करून एका कोपऱ्यात बांधून ठेवलं होतं. ज्याला आपण खुनी समजत होतो तो कदाचित कोठडी होता. मेलेल्या मेंदूचा काप कितीही सुंदर रंगवला तरी हे दाखवू शकत नाही, कारण कापाला आधी-नंतर नसतं.

आता औषधांकडे. २०२१च्या जूनमध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकानं अल्झायमरवरचं अ‍ॅड्युकॅनुमॅब मंजूर केलं. त्याच्या दोन मोठ्या चाचण्या यश येत नाही म्हणून मध्येच थांबवलेल्या होत्या. नंतर आकडे पुन्हा पाहिल्यावर एक अनुकूल निघाली, दुसरी नाही. नियंत्रकाच्याच सल्लागार समितीचा कौल साफ विरुद्ध होता. तरी मंजुरी मिळाली, आणि ती कशावर? मेंदूतलं अमिलॉइड घटतं, म्हणून पुढे फायदा होण्याची वाजवी शक्यता आहे, यावर. तीन सल्लागारांनी राजीनामे दिले. २०२४च्या सुरुवातीला कंपनीनं ते औषध सोडून दिल्याचं जाहीर केलं. साका हीच मोजपट्टी धरली की काय होतं, याचा हा धडधडीत नमुना.

पुढचं औषध, लेकॅनेमॅब, जास्त प्रामाणिक पायावर उभं आहे. १,७९५ माणसं, अठरा महिने, आणि मोजलं ते माणसाचं वागणं-जगणं. त्याचा निकाल ‘ऱ्हास २७ टक्क्यांनी मंदावला’ असा सगळीकडे छापला गेला. ही टक्केवारी जरा सोलून बघू. वापरलेल्या मापात सहा कप्पे असतात: स्मरण, स्थळकाळाचं भान, निर्णय, बाहेरचे व्यवहार, घर आणि छंद, स्वतःची देखभाल. प्रत्येक कप्प्यात शून्य ते तीन गुण, एकूण १८; गुण जितके जास्त तितकी अवस्था वाईट. अठरा महिन्यांत औषधाविना राहिलेले सरासरी १.६६ गुणांनी घसरले, औषधवाले १.२१ गुणांनी. फरक ०.४५. या मापावर डॉक्टर देऊ शकतो ती सर्वांत लहान पायरी अर्ध्या गुणाची असते. म्हणजे सरासरी फरक एका कप्प्यातल्या सर्वांत लहान पायरीइतकाही भरत नाही. सरासरीच ती, कुणाला जास्त लाभ झाला असेल, कुणाला काहीच नाही. त्यासाठी दर पंधरवड्याला शिरेतून औषध, मधूनमधून एमआरआय, आणि सुमारे आठांतल्या एकाला मेंदूत सूज. बहुतेकांना ती जाणवतही नाही, पण काहींच्या जिवावर बेतू शकते.

हे औषध घेऊ नये, असं मी म्हणणार नाही. आपलं माणूस डोळ्यांदेखत विझत असताना सहा महिने मिळत असतील तर ते कोणाला नको असतील? पण हा सौदा आहे आणि तो सौदा म्हणून सांगितला पाहिजे. ‘मेंदू साफ झाला’ असं स्कॅनचं चित्र दाखवून विकला जाऊ नये. या औषधानं मेंदूतलं अमिलॉइड खरोखरच भराभर उतरतं. ढीग एवढा उतरूनही माणसाला ०.४५च मिळतात. या दोन आकड्यांमधल्या दरीवर खरं म्हणजे अग्रलेख यायला हवे होते.

आणि आता ते लक्षात ठेवायला सांगितलेलं नाव. एएलएसमध्ये हातापायाचे, मग बोलण्या-गिळण्याचे आणि शेवटी श्वासाचे स्नायू सुटत जातात. बहुतेकांना निदानानंतर मिळतात ती दोन ते पाच वर्षं. स्टीफन हॉकिंग पाच दशकांहून जास्त जगले, पण ते अपवाद, आणि त्यांच्यामुळे लोकांच्या मनात या आजाराचं एक जरा फसवं सौम्य चित्र बसलं आहे. २००६मध्ये कळलं की या रोग्यांच्या पेशींत साचणारं प्रथिन टीडीपी-४३ आहे. आज आपल्याला माहीत आहे की सुमारे ९७ टक्के रोग्यांत ते आढळतं. पुन्हा तोच साका, पुन्हा तोच मोह.

पण टीडीपी-४३चं घर पेशीकेंद्रात असतं. जनुकाचा निरोप कच्च्या प्रतीत उतरतो तेव्हा त्यात अधूनमधून निरर्थक तुकडे असतात. ते अंतिम प्रतीत घुसू नयेत म्हणून टीडीपी-४३ पहारा देतं, छापखान्यातल्या मुद्रितशोधकासारखं. एएलएसमध्ये ते केंद्र सोडून बाहेर येतं आणि बाहेर गोळा होऊन पडतं. सूक्ष्मदर्शकाखाली नजर जाते ती बाहेरच्या गोळ्याकडे. मात्र आतली खुर्ची रिकामी आहे. मुद्रितशोधक नसल्यानं प्रती चुकीच्या निघू लागतात. चेतातंतूच्या दुरुस्तीला लागणारं एक प्रथिन, स्टॅथमिन-२, नीट बनत नाही, हे २०१९मध्ये दिसलं. दोन पेशींच्या जोडावर निरोप पोचवायला लागणारं यूएनसी१३ए असंच बिघडतं, हे २०२२मध्ये. अशा ठिकाणी नुसता गोळा विरघळवण्यानं काय होणार? बाहेर पडलेला माणूस उचलून नेला म्हणून खुर्ची भरत नाही. साका डोळ्यांना दिसतो, उणीव दिसत नाही. आणि प्रयोगशाळांचा पैसाही दिसणाऱ्या गोष्टीकडेच आधी वळतो, असं मला वाटतं.

याच आजारातून पर्यायी मोजपट्टीही आली. एएलएसच्या सुमारे २ टक्के रोग्यांत एसओडी१ नावाच्या जनुकात बिघाड असतो, हे १९९३पासून ज्ञात आहे. टोफरसन हे औषध त्या जनुकाचा निरोपच पुसतं आणि बिघडलेलं प्रथिन तयार होऊ देत नाही. २८ आठवड्यांच्या चाचणीत, १०८ रोग्यांत, बोलणं, गिळणं, चालणं, श्वास अशा रोजच्या क्रियांच्या मुख्य मापावर ते उत्तीर्ण झालं नाही. तरी २०२३च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. वरवर ही अ‍ॅड्युकॅनुमॅबचीच पुनरावृत्ती वाटेल, आणि तसा आरोप झालाही. मला दोन्हींत फरक दिसतो. इथे आधार धरला तो न्यूरोफिलामेंटचा. चेतातंतू तुटला की त्याच्या सांगाड्याचे तुकडे मेंदू-मणक्याभोवतीच्या द्रवात आणि रक्तात येतात, ते हे. औषधानं हे तुकडे निम्म्याहून कमी झाले. अमिलॉइड स्कॅन सांगतो की ढीग किती आहे, न्यूरोफिलामेंट सांगतं की मोडतोड किती चालू आहे. सल्लागार समितीनंही याच मुद्द्यावर नऊ विरुद्ध शून्य असा कौल दिला. आणि वर्षभराच्या आकड्यांत, औषध आधी सुरू केलेल्यांचा ऱ्हास उशिरा सुरू केलेल्यांपेक्षा मंद दिसला.

माझं म्हणणं याच फरकावर उभं आहे. घाई करा, एएलएसच्या रोग्याला घाईशिवाय दुसरं काही परवडत नाही. पण घाईची परवानगी देताना आधार नासाडीच्या मापाचा घ्या, साक्याच्या मापाचा नको. अल्झायमरसाठी, जिथे आजार वर्षानुवर्षं चालतो, तिथे तर माणूस काय करू शकतो हेच मोजायला वेळ आहे, आणि माणसंही आहेत. जगात साडेपाच कोटींहून जास्त लोक स्मृतिभ्रंशासह जगत आहेत.

शेवटचा प्रश्न रोगी कोण, हा. २०२४मध्ये अमेरिकेतल्या अल्झायमर असोसिएशनच्या कार्यगटानं नवे निकष दिले. अमिलॉइडची विश्वासार्ह चाचणी सकारात्मक आली की ते अल्झायमरचं निदान, लक्षणं असोत वा नसोत. लक्षणं नसतील तर तो आजाराचा पहिला टप्पा. दुसऱ्या एका आंतरराष्ट्रीय गटानं त्याच वर्षी याला विरोध केला आणि अशा माणसाला रोगी न म्हणता ‘जोखीम असलेला’ म्हणावं, असं सुचवलं. मी या दुसऱ्या बाजूचा आहे. पहिल्या बाजूचा युक्तिवाद हलका नाही: कर्करोग आपण गाठ दुखायच्या आधी शोधतो, मधुमेह रक्तातल्या साखरेवर ठरवतो, मग मेंदूलाच वेगळा न्याय का? पण साखर उतरवली की डोळे आणि मूत्रपिंडं वाचतात, हे दाखवून झालं आहे. निरोगी माणसाचं अमिलॉइड उतरवलं की त्याची स्मृती वाचते, हे अजून दाखवलेलं नाही. त्याच्या चाचण्या चालू आहेत. ते सिद्ध झालं तर मी माझं मत बदलेन. तोवर, अमिलॉइड असूनही हयातभर शाबूत राहणारे पुष्कळ आहेत एवढं माहीत असताना, त्या सगळ्यांना एका फटक्यात रोगी करायचा अधिकार कुणी दिला?

लक्षणं नसलेल्यांची सरसकट चाचणी करू नये, असं नवे निकष लिहिणारेही सांगतात. अमेरिकेत मे २०२५मध्ये पहिल्या रक्तचाचणीला परवानगी मिळाली तीही पंचावन्नच्या पुढच्या, तक्रारी असलेल्या लोकांसाठीच. पण रक्ताची चाचणी अशा चौकटीत किती दिवस राहते ते आपण इतर चाचण्यांच्या बाबतीत पाहिलंच आहे. ती पॅकेजमध्ये यायला वेळ लागत नाही. मग साठीतल्या, स्वतःची किल्ली कुठे ठेवली ते आठवेना म्हणून धास्तावलेल्या माणसाच्या हातात कागद पडतो. त्या दिवसापासून त्याला विसरलेली प्रत्येक गोष्ट पुरावा वाटू लागते, त्याच्या घरच्यांनाही. विमा, नोकरी, वाहन परवाना यांचं काय होईल हे तर वेगळंच. गंमत अशी की ज्यानं अशा माणसाचं खरंच भलं होऊ शकतं त्या यादीत अमिलॉइड नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०२४मध्ये टाळता येण्याजोगे १४ धोके मोजले: ऐकू कमी येणं, रक्तदाब, दृष्टी जाणं, कोलेस्टेरॉल, एकटेपणा वगैरे. त्यांच्यामुळे सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकतो, असा त्यांचा अंदाज. कानाच्या यंत्राचं चित्र अर्थात रंगीत मेंदूइतकं देखणं निघत नाही.

ज्याला स्वतःच्या मेंदूत काय आहे ते जाणून घ्यायचं आहे त्याला अडवू नये. पण त्या अहवालावर काय छापावं यावर माझा हट्ट आहे. ‘अमिलॉइड आढळलं’ असं लिहा, त्याचं प्रमाण लिहा, त्यातून आज नेमकं काय कळतं आणि काय कळत नाही तेही लिहा. आजाराच्या नावापुढची जागा, माणूस खरोखर काही हरवू लागेपर्यंत, कोरी ठेवा.